मोशाबेर्दचा बैल

झावेन तोनोयानची बोटं मोडायला मुकुच आला, तेव्हा त्यानं आधी टोपी काढून हातात घेतली. वडीलधाऱ्यांच्या घरात शिरताना काढतात तशी. येरेवानमधल्या त्या इमारतीची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती आणि झावेन पाव, चीज आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन धापा टाकत जिना चढत होता.

"झावेन जान, पिशवी खाली ठेव," मुकुच म्हणाला. "अंडी आहेत का आत?"

"नाहीत."

"मग ठीक. उजवा हात दे."

"कशाला?"

"लिहितोस उजव्यानंच ना? मग डाव्याला कशाला उगाच त्रास."

"मुकुच, आपण एका गावचे आहोत."

"म्हणून तर मी जातीनं आलो. परका असता तर डोकं फोडून गेला असता."

मागून एका तरण्या पहिलवानानं झावेनला कवेत धरलं. मुकुचनं त्याचा पंजा जिन्याच्या लोखंडी कठड्यात घातला, तर्जनी दोन गजांमधून बाहेर काढली आणि मागे वाकवली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. झावेन ओरडला, तशी खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं, वर पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. मधलं बोट गेलं. मग अनामिका. ती लवकर मोडेना, तेव्हा मुकुचनं तिच्यावर बुटाची टाच मारली. झावेनला भडाभडा ओकारी झाली आणि सगळी त्याच बुटांवर पडली.

मुकुच रागावला नाही. तो पायरीवर टेकला, धापा टाकणाऱ्या झावेनच्या तोंडात त्यानं एक सिगारेट दिली आणि पेटवूनही दिली. "सातवं प्रकरण काढून टाक," तो म्हणाला. "आणि शनिवारी गावाला ये. सेद्राक भाऊ मताघ करतायत, देवाच्या नावानं बैल कापणार आहेत. तुला खास आमंत्रण आहे."

"हे आमंत्रण?"

"हे वेगळं, ते वेगळं."

मुकुच पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, गुडघे दुखणारा गडी. सेद्राकची गाडी चालवायची, सेद्राकचं दार उघडायचं आणि सेद्राकला नको असलेल्या माणसांची हाडं मोडायची, एवढंच त्याचं आयुष्य. त्या दिवशी जाता जाता त्यानं सांडलेली कोथिंबीर उचलून पिशवीत भरली.

झावेन पुस्तकं लिहायचा ती आपल्याच प्रजासत्ताकाच्या जन्माची आणि त्यानंतरच्या धिंडवड्यांची. वीज नव्हती त्या हिवाळ्यांत लोकांनी लाकडी जमिनी उखडून कशा जाळल्या, तेव्हा कुणाच्या घरात दिवे होते, सीमेवर बंदुका घेऊन गेलेले ट्रॅक्टर ड्रायव्हर आणि कुस्तीचे मास्तर कमांडर होऊन कसे परतले, आणि कमांडर होते ते बघता बघता खाणींचे मालक, मंत्री नि खासदार कसे झाले. आमच्या देशात असलं लिहिणाऱ्याला दोनच प्रकारचे वाचक मिळतात. एक म्हणतात तू देशद्रोही आहेस, दुसरे म्हणतात तू फार सौम्य लिहितोस. विकत कुणीच घेत नाही.

नव्या पुस्तकाचं सातवं प्रकरण सेद्राकवर होतं. खरं म्हणजे ते नोराइरवर होतं. नोराइर आणि झावेन मोशाबेर्दच्या शाळेत एका बाकावर बसायचे. युद्ध पेटलं तेव्हा झावेन येरेवानला शिकत होता आणि नोराइर सेद्राकच्या तुकडीत गेला. त्र्याण्णव साली डोंगरापलीकडचं एक खेडं तुकडीनं घेतलं आणि त्याच दिवशी नोराइर नाहीसा झाला. तो पकडला गेलाय, पलीकडच्या तुरुंगात आहे, एका सोडून दिलेल्या कैद्यानं त्याला पाहिलंय, असं सेद्राकनं नोराइरच्या आईला सांगितलं. तीस वर्षं ती हे वाक्य उशाशी घेऊन झोपत होती. झावेननं मात्र तुकडीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या दारोदार फिरून एवढं जमवलं होतं की त्या दिवशी पलीकडच्या कुणाच्याही हाती कुणी लागलंच नव्हतं. नोराइरला आपल्याच माणसानं मारलं असणार, आणि तो माणूस सेद्राक. पण डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार तोंड उघडत नव्हता. सगळे मूग गिळून बसलेले.

"जाऊ नकोस," तो प्लास्टर घालून आल्यावर बायको म्हणाली. "तिथं मान मोडतील."

"मान मोडायची असती तर जिन्यातच मोडली असती. त्याला मला त्याच्या पंगतीत बसवायचंय. गावासमोर त्याचं मीठ खाल्लं की मी पुढे काय लिहिणार?"

"मग जातोस कशाला?"

"पंगत वार्सेनिक मावशीच्या अंगणात आहे."

वार्सेनिक म्हणजे नोराइरची आई. बायकोनं त्याच्या कोटाची उजवी बाही उसवून प्लास्टर जाईल एवढी रुंद केली.

मोशाबेर्दला सेद्राक खासदार म्हणून कमी आणि दगडवाला म्हणून जास्त ओळखीचा. काळ्या दगडाची खाण त्याची. तुकडीतला जो जो मेला त्याच्या थडग्यावर सेद्राकनं स्वखर्चानं काळा दगड उभा केला होता, त्यावर कोरलेला चेहरा, गणवेश, खांद्याला बंदूक. गावच्या स्मशानात गेलं की ती पोरं रांगेत उभी राहून आपल्याकडे बघत असतात. नोराइरसाठीही त्यानं दगड पाठवला होता. वार्सेनिकनं तो ट्रकवरून उतरूही दिला नाही. "जित्या पोराचा दगड करतोस?" एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून सेद्राक तिच्या घरी दरवर्षी मताघाचं मांस पाठवायचा, पण स्वतः कधी तिच्या उंबऱ्यावर आला नव्हता. या वर्षी निवडणूक होती. ज्या मुलखासाठी हे सगळे लढले तो मुलुखही आता हातचा गेला होता, लोक चिडलेले होते, आणि वीराच्या आईच्या अंगणात बसून चार घास खाल्ल्याशिवाय मतं पडणार नव्हती.

झावेन पोहोचला तेव्हा बैल आडवा पाडलेला होता. तांबडा, मोठ्या शिंगांचा, डोळे फिरवणारा बैल. गावच्या पाद्र्यानं मंतरलेलं मीठ त्याला चाटवलं. सेद्राकनं पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, गुडघा बैलाच्या मानेवर रोवला आणि सुरा ओढला. पहिल्या ओढीत काम झालं नाही. बैलानं पुढच्या पायांची दोरी तोडली, एका गड्याच्या बरगडीत लाथ बसली, आणि अर्धी मान चिरलेलं ते जनावर अंगण रंगवत उठायला बघू लागलं. चार जणांनी शिंगं धरली. सेद्राकनं दुसऱ्यांदा सुरा घातला, तिसऱ्यांदा घातला, आणि मग नुसतं मुंडकं राहिलं हातात.

"अजून जोर आहे हां," तो हसत म्हणाला आणि त्यानं झावेनला पाहिलं. "अरे, आमचे लेखक आले. ये, ये." रक्तात बुडवलेल्या अंगठ्यानं त्यानं झावेनच्या कपाळावर क्रूस काढला, लहान मुलांना काढतात तसा. "तुझ्या हातासाठी. लवकर बरा होऊ दे."

"तुमची कृपा," झावेन म्हणाला.

वार्सेनिक मावशीनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. ती पार वाळून गेली होती, पण हात तेच, खरखरीत आणि गरम. "तुझं दुखणं मला लागो, पोरा," ती म्हणाली. मग प्लास्टरकडे बघून तिनं आवाज खाली केला. "हे माझ्या नोराइरपायी झालं म्हणतात. खरं?"

"जिन्यावरून पडलो, मावशी."

"तू शाळेत असतानाही नीट खोटं बोलायचा नाहीस. तो बोलायचा, तू पकडून द्यायचास."

मांस चार मोठ्या कढयांत शिजलं, नुसत्या पाण्यात आणि मंतरलेल्या मिठात, मताघाचं शिजतं तसं. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं जोडली होती. लवाशच्या पातळ रोट्यांच्या चळती, पालेभाज्या, तुतीची दारू. सेद्राक मधोमध, पंगतीचा म्होरक्या म्हणून. त्याच्या डावीकडे मुकुच, उजवीकडे मुद्दाम बसवलेला झावेन, आणि समोर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीपुढे ताट वाढलेलं, पेला भरलेला. वार्सेनिकच्या घरी ही खुर्ची जेवणाच्या प्रत्येक वेळी मांडलेली असते, एकटीच जेवत असली तरी.

पहिला पेला देवाचा झाला, दुसरा देशाचा. देशाच्या पेल्याच्या वेळी पंगतीत थोडी चुळबुळ झाली, कुणीतरी मागून "कोणत्या देशाचा? शिल्लक आहे तेवढ्याचा का?" असं म्हणालं, आणि जिन्यातल्या त्या तरण्या पहिलवानानं मान वळवून पाहिलं तेव्हा सगळे लवाश फाडण्यात गुंतले होते. तिसरा पेला मेलेल्यांचा. सगळे उठून उभे राहिले. सेद्राकनं कागद न घेता तुकडीतल्या एकेका मेलेल्याचं नाव घेतलं, कोण कुठे पडला, कुणाला गाणं यायचं, कुणाचं लग्न ठरलं होतं. सांगता सांगता तो रडू लागला. ते रडणं खोटं नव्हतं, आणि झावेनला त्याचाच जास्त राग आला.

मेलेल्यांच्या नावानं पिताना पेल्याला पेला लावत नाहीत, हे मोशाबेर्दमध्ये पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मुकाट्यानं प्यायचं, दोन थेंब मातीत सांडायचे. जो पेला लावील त्याच्या घरात मरण पाहुणं येतं. म्हणून सगळे मुकाट प्याले आणि बसले.

वार्सेनिक मात्र उभीच राहिली. तिनं रिकाम्या खुर्चीपुढचा पेला उचलला. हा तिच्या घरचा रिवाज होता, तीस वर्षांचा, गावात सगळ्यांना पाठ. तिसऱ्या पेल्यानंतर ती नोराइरचा पेला घेऊन पंगतभर फिरायची आणि प्रत्येकाच्या पेल्याला तो लावायची, चांगला आवाज करून. जित्या माणसाचा पेला वाजतो. तो तुरुंगात असो, आजारी असो, पण वाजतो.

"माझ्या नोराइरच्या परत येण्याला," ती म्हणायची, आणि समोरचा म्हणायचा, "येईल, मावशी." किण्, किण् करत ती जवळ येत होती. तिनं झावेनच्या पेल्याला पेला लावला. डाव्या हातानं धरलेला त्याचा पेला हिंदकळला. "येईल, मावशी," तो म्हणाला, आणि आपल्या सातव्या प्रकरणाची पानं त्याला आठवली. ती छापली की हा आवाज बंद होणार होता. सेद्राकची पाळी आली. तो दिलखुलास हसला, पेला उंच केला आणि असा वाजवला की थोडी दारू सांडली. "येणार म्हणजे येणारच. मी आणतो त्याला, तुम्ही बघाच."

मग मुकुच.

मुकुचनं पेला खाली घेतला. वार्सेनिकचा पेला हवेत तसाच राहिला.

"वर कर, पोरा," ती म्हणाली. "हात दुखतो का? लोकांचे हात मोडून दुखत असेल."

चार जण हसले. मुकुच हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता.

"त्याला चढलीय," सेद्राक म्हणाला. "पुढे चला, मावशी."

"त्याला गाडी चालवायचीय, त्यानं थेंबही घेतलेला नाही. मी बघतेय मघापासून." वार्सेनिक वाकली. "मुकुच, तुला नात झाली ना?"

"झाली, मावशी."

"नाव काय ठेवलं?"

"नारे."

"छान नाव. नारेच्या आजोबा, पेला लाव."

मुकुचनं पेला टेबलावर ठेवला आणि त्यावर तळहात झाकला. "नाही लावत, मावशी," तो म्हणाला. "तिच्या जिवावर बेतेल."

एवढ्या माणसांपैकी एकालाही अर्थ सांगावा लागला नाही. वार्सेनिकनं हातातला पेला न सांडता रिकाम्या खुर्चीपुढे जपून परत ठेवला.

सेद्राकनं दारूची बाटली उचलली आणि मुकुचच्या तोंडावर घातली. बाटली फुटली, ओठ फाटला, दोन दात लवाशवर पडले. "गाढवा," सेद्राक म्हणाला आणि हातात उरलेल्या बाटलीच्या गळ्यानं पुन्हा मारलं, गालात. मुकुचनं हात वर केला नाही. मार खायची त्याला सवय नव्हती, पण सेद्राकवर हात उचलायची त्याहून नव्हती. रक्त थुंकत थुंकत तो बोलू लागला, आणि एकदा सुटल्यावर थांबेना.

"तळघर होतं, मावशी. आत एक म्हातारा आणि त्याची सून. पलीकडचीच माणसं. भाऊ म्हणाले, संपवा. नोराइर दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, आधी मला. आम्हाला वाटलं भाऊ हसतील. भाऊ म्हणाले, बरं. छातीत गोळी घातली. मग त्या दोघांना. मीच ओढत नेला त्याला. शाळेच्या मागे अक्रोडाचं झाड होतं, त्याखाली. माझा कोट घातला त्याच्या तोंडावर. दरवर्षी आम्ही प्यायलो त्याच्या नावानं, न वाजवता. आज नाही हो वाजवता आला मला."

झावेनला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला बरं वाटेल. साक्षीदार मिळाला होता, सगळ्या गावासमोर. त्याऐवजी त्याला फक्त तो एका बाकावरचा पोरगा दिसत होता, कोटाखाली झाकलेला.

"कुठलं गाव?" वार्सेनिकनं विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता.

मुकुचनं नाव सांगितलं. ते आता सीमेपलीकडे होतं. जिथं गेल्या काही वर्षांत आपल्याकडची चिमणीही गेली नव्हती. तिथल्या मातीतली हाडं आणायला कुणाला सांगणार?

वार्सेनिक सेद्राककडे वळली आणि तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली. "तो मुलुख आपला होता तेव्हा सांगितलं असतंस," ती म्हणाली. "मी नखांनी उकरून आणला असता. तीस वर्षं होती तुझ्याकडे. तेवढं तरी सांगायचंस."

"युद्ध होतं, म्हातारे. सोड."

"तेवढं तरी सांगायचंस."

"सोड म्हणतो ना." त्यानं तिला ढकललं. फार जोरानं नाही, झुरळ झटकावं तेवढंच. पण तिच्यात वजन ते काय. ती मागे गेली आणि तिचं डोकं चुलीच्या दगडावर आपटलं. पांढऱ्या केसांतून रक्त आलं, कपाळावरून डोळ्यात उतरलं.

पहिला फटका झावेनचा. नंतर गावात कुणी कितीही सारवासारव केली तरी हे खरं आहे. त्यानं विचार केला नाही, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडला नाही, जे तो पुस्तकात पानोपानी करायचा. त्यानं प्लास्टरचा हात खांद्यामागे नेला आणि दगडासारखा सेद्राकच्या कानशिलावर हाणला. प्लास्टर तडकलं, मोडलेली बोटं पुन्हा मोडली, वेदना दातांपर्यंत गेली, आणि त्याला गोड वाटलं. हेही खरं आहे. त्यानं दुसऱ्यांदा हाणला.

मग गाव उठलं. सेद्राक कुस्तीगीर होता, पहिल्या दोघांना त्यानं आडवं केलं, एकाचं नाक चेपलं. पण कढईतला लांब दांड्याचा झारा त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर बसला आणि तो खाली आला. खाली आलेल्या माणसाला उठू द्यायची गावाची तयारी नव्हती. काळ्या दगडांवरची पोरं ज्यांची होती ते बाप होते त्यात, आणि ज्यांनी सगळं ऐकून-जाणून तोंडाला कुलूप लावलं होतं तेही होते. तेच जास्त जोरात मारत होते. लाथा, बाटल्या, चुलीतली लाकडं. नोराइरची खुर्चीही कुणीतरी उचलली आणि तिचे पाय मोडेपर्यंत घातली. पहिलवान पळत जाऊन गाडीत बसला आणि त्यानं काचा वर घेतल्या. पाद्री डोंगराकडे तोंड करून उभा होता.

"माझं मीठ खाल्लंत रे तुम्ही," सेद्राक एकदा म्हणाला. तोंडात रक्त होतं, नीट कळलं नाही.

"मीठ देवाचं होतं," कुणीतरी म्हणालं आणि त्याचं तोंड कायमचं बंद केलं.

सगळं थांबलं तेव्हा अंगणात बैलाचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं हे सांगता येत नव्हतं. त्यावरूनच कुणाला तरी सुचलं. आधी कोण बोललं ते झावेनला आजही माहीत नाही. बैल सुटला. बैलानं सेद्राक भाऊंना तुडवलं. मग गावानं चिडून बैल कापला. मुकुच उठला, भिंतीशी पडलेलं मुंडकं शिंगांना धरून घेऊन आला आणि त्यानं एक शिंग आपल्या मालकाच्या बरगड्यांत घातलं. वर उभा राहून, सगळं वजन टाकून. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

वार्सेनिकनं डोकं फडक्यानं बांधून घेतलं आणि ती म्हणाली, "मांस वाढा. मताघाचं उरवायचं नसतं." मग सगळ्यांनी खाल्लं. झावेननंही खाल्लं.

तालुक्याहून फौजदार आला. गोल चेहऱ्याचा, निवृत्तीला आलेला. त्यानं प्रेत पाहिलं, शिंग पाहिलं, मुकुचचं फाटलेलं तोंड पाहिलं, झावेनचं तडकलेलं, लालभडक प्लास्टर पाहिलं. मग तो टेबलाशी बसला आणि त्याच्यापुढे ताट आलं.

"बैल कुठाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या ताटात," वार्सेनिक म्हणाली.

फौजदारानं बराच वेळ चावलं. "मऊ झालंय," तो म्हणाला. "बघा, उद्या येरेवानहून साहेब येतील. त्यांना चांगल्या भाषेतला जबाब लागतो. माझं अक्षरही वाईट. इथं लेखक बसलेत ना? प्रजासत्ताकाचा इतिहास लिहिणारे. त्यांनी लिहिलं, खाली सही केली, तर कोण शंका घेणार?"

"माझा हात मोडलाय," झावेन म्हणाला.

"डाव्यानं लिहा. वेळ आहे."

कोरा कागद पुढे आला. गाव बघत होतं. मुकुच तोंडाला फडकं लावून बघत होता. झावेननं वार्सेनिककडे पाहिलं. तिच्या पापण्यांवरचं रक्त सुकून काळं झालं होतं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे लिहिलं तर नोराइरचं मला लिहिता येणार नाही. बैलानं मारलं असं ज्यानं सही करून लिहिलं, त्याचं पुढचं कोण खरं मानणार?"

"नाही लिहिलंस तर हे सगळे आत जातील," ती म्हणाली. "पहिला तू."

ते खरं होतं. किती टक्के तो गावासाठी लिहीत होता आणि किती टक्के स्वतःच्या कातडीसाठी, हे त्यानं स्वतःला पुष्कळदा विचारलं, उत्तर दरवेळी वेगळं आलं. त्यानं डाव्या हातात पेन धरलं. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं उमटली. बैल तांबडा होता. दोरी तुटली. कमांडरनी लोकांना वाचवण्यासाठी स्वतःला पुढे केलं. हे शेवटचं फौजदारानं सांगितलं म्हणून घातलं. खाली त्यानं पूर्ण नाव लिहिलं.

सेद्राकला थाटात पुरलं. संसदेनं उभं राहून मौन पाळलं. त्याच्याच खाणीतला सगळ्यात मोठा काळा दगड त्याच्यावर उभा केला, आणि एका भाषणात तर बैलालाही शत्रूचा हस्तक म्हटलं गेलं.

पुस्तक वसंतात आलं. झावेननं पहिली प्रत मोशाबेर्दला नेली. वार्सेनिक मावशीच्या घरी नवी खुर्ची नव्हती. टेबलाशी आता एकच ताट असायचं. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि पानं उलटायला घेतली. तिला वाचायला वेळ लागायचा, म्हणून ती प्रकरणांचे आकडे बघत गेली. सहावं संपलं. पुढचं पान उलटलं, तर आठवं. तिला वाटलं दोन पानं चिकटलीत. तिनं बोटाला थुंकी लावून ती सोडवून पाहिली.

"सातवं कुठंय रे?" ती म्हणाली. "माझ्या नोराइरचं?"

झावेनची तीन बोटं वाकडीच जुळली होती. त्यानं ती टेबलाखाली घेतली.

"ते बैलासोबत खाल्लं आपण, मावशी," तो म्हणाला.

तिनं चष्मा पुसला आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली.